भाकरी, कडबा आणि दूध : कृष्णाकाठच्या ताटाचा एक हिशेब

मांसाहार सोडला तर पृथ्वीची तापमानवाढ रोखता येईल काय, या प्रश्नाची चर्चा गेली दोन दशके जगभर चालू आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २००६ साली एक मोठा अहवाल काढला आणि माणसाच्या व्यवहारातून हवेत जाणाऱ्या हरितगृह वायूंपैकी १८ टक्के पशुपालनाच्या खात्यावर टाकले. २०१३ साली त्याच संघटनेने नव्या हिशेबाने हा आकडा १४.५ टक्क्यांवर आणला. तेव्हापासून चर्चेत दोन ठळक पक्ष पडले आहेत. प्राणिजन्य काहीही न खाणारा, म्हणजे दूध-तूपही वर्ज्य मानणारा व्हीगन पक्ष एका बाजूला, आणि मांसाशिवाय माणसाचे पोषण होत नाही असे मानणारा पक्ष दुसऱ्या बाजूला.

आपल्याकडे ही चर्चा आली तेव्हा तिला जुन्या शाकाहार-मांसाहार वादाचे कपडे चढवले गेले. शाकाहारी माणसाला वाटले की विज्ञानाने आपलीच बाजू घेतली. मांसाहारी माणसाला वाटले की जुनाच सोवळेपणा नव्या भाषेत आला आहे. माझ्या मते दोघांचीही गफलत होते आहे, आणि ती का होते हे समजण्यासाठी दूरच्या देशांपेक्षा एखाद्या ओळखीच्या मुलखाच्या ताटाचा इतिहास पाहणे अधिक उपयोगी ठरेल. प्रस्तुत लेखापुरता तो मुलूख म्हणजे कुपवाड आणि त्याच्या भोवतालचा सांगली जिल्हा.

कुपवाड आज सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेचा, १९९८ साली झालेल्या जोडणीतला तिसरा भाग आहे. बाहेरच्या माणसाला ते औद्योगिक वसाहतीमुळे ठाऊक असते. पण भूगोलाच्या दृष्टीने ही जागा मोठी बोलकी आहे. इथून पश्चिमेला गेले की कृष्णेची काळी जमीन, ऊस, हळद आणि गोठ्यातल्या म्हशी लागतात. पूर्वेला कवठेमहांकाळ, जत, आटपाडी या बाजूला निघाले की माळ सुरू होतो, पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास उतरतो आणि मेंढरांचे कळप दिसू लागतात. संस्थानी काळात हा सगळा प्रदेश तुकड्यातुकड्यांत विभागलेला होता. सांगली-मिरज पटवर्धनांकडे, जत डफळ्यांकडे, आटपाडी औंधकडे, तर तासगाव, वाळवा, खानापूर हे इंग्रजी अमलातल्या सातारा जिल्ह्यात. १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. सरहद्दी बदलत राहिल्या; पावसाची रेषा मात्र होती तिथेच राहिली. ताट ठरवले ते मुख्यतः या रेषेने.

या ताटाच्या मध्यभागी ज्वारीची भाकरी होती. पण शेतकरी ज्वारी केवळ दाण्यासाठी पेरत नसे. ज्वारीचे ताट हे माणूस आणि जनावर यांच्यातल्या वाटणीचे पीक आहे. कणीस माणसाचे, कडबा बैलाचा. म्हणूनच बुटक्या संकरित जातींचा दाणा जास्त उतरत असूनही रब्बीचा शेतकरी उंच वाढणाऱ्या मालदांडीला सहजासहजी सोडायला तयार झाला नाही. कडब्यावर बैल जगायचा, बैल शेत नांगरायचा, त्याचे शेण शेताला जायचे, आणि पुन्हा ज्वारी उभी राहायची. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली आणि तिथला लोखंडी नांगर गावोगाव पोचला, तरी तो ओढायला बैलच लागत होते. या चक्रातून जनावर काढून टाकले असते तर भाकरीही उरली नसती. धान्य ही ‘वनस्पतिजन्य’ गोष्ट आणि जनावर ही वेगळी गोष्ट, असा भेद या शेतीत करताच येत नव्हता.

माळावर हेच चक्र मेंढरांच्या रूपाने चाले. धनगरांची मेंढरे जिथे दाणा पिकत नाही अशा खडकाळ रानात चरत, आणि सुगीनंतर कृष्णाकाठच्या मोकळ्या शेतांत बसवली जात. रात्रभर मेंढरे बसली की लेंडीखताने रान सुधारे. मोबदल्यात शेतकरी धान्य देई. कवठेमहांकाळ तालुक्यातले आरेवाडीचे बिरोबाचे बन हे या समाजाचे मोठे श्रद्धास्थान. जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर यांनी धनगरांच्या दैवतांचा आणि त्यांच्या भटकंतीचा जो अभ्यास केला, त्यातून देव, कळप आणि पाऊस यांची ही गुंफण स्पष्ट होते. व्यंकटेश माडगूळकर हे आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे. त्यांच्या १९५५ सालच्या ‘बनगरवाडी’त दुष्काळ पडतो आणि वाडी रिकामी होते. ही कादंबरी आपण व्यक्तिचित्रांसाठी वाचतो. पण मेंढरू, गवत आणि पाणी यांचा हिशेब बिघडला की माणसाचे काय होते, याचा तो एक दस्तऐवजही आहे.

आता या मुलखात मांस कोण खात होते आणि किती? १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये जातवार वर्णने आहेत, आणि त्यांत आहाराच्या नोंदी आढळतात. या आणि अशा नोंदी वाचताना एक गोष्ट लक्षात येते. ‘मांसाहारी’ म्हणून ज्यांची गणना होई, त्या कुणबी-मराठा घरांतही मटण ही सणाची, जत्रेची, पाहुण्याच्या आगमनाची गोष्ट होती. रोजचे कालवण म्हणजे हुलगा, मटकी, तूर, शेंगदाण्याची चटणी, माडगे. उलट ‘शाकाहारी’ म्हणजे केवळ ब्राह्मण असेही या भागात नव्हते. दक्षिण महाराष्ट्र जैन सभा १८९९ साली स्थापन झाली, ती मुख्यतः सांगली-कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यातल्या समाजाची, आणि तो समाज प्रामुख्याने नांगर धरणारा शेतकरी समाज आहे. मिरज-जतकडे लिंगायत शेतकरीही आहेत. या घरांत मांस नव्हते. पण दूध, दही, ताक आणि तूप भरपूर होते. थोडक्यात, शाकाहारी ताटाच्या पाठीमागे दावणीला म्हैस उभी होती. जे मांस नाकारू शकले, ते दुधाच्या आधारावर नाकारू शकले.

ज्यांच्या दावणीला काहीच नव्हते त्यांचे ताट वेगळेच होते. गावात मेलेले जनावर ओढून नेणे हे महारांवर लादलेले गावकीचे काम होते. त्या मेलेल्या जनावराचे मांस वाळवून, चान्या करून, ते टंचाईच्या दिवसांसाठी ठेवले जाई. डॉ. आंबेडकरांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत मृत जनावराचे मांस खाणे सोडण्याचे आवाहन केले, ते स्वाभिमानासाठी. त्या आवाहनाचे मोल निर्विवाद आहे. परंतु ते पाळणाऱ्यांनी काय सोडले याचाही विचार व्हायला हवा. त्यांच्यासमोर मांसाऐवजी दुधाचा पेला कोणी ठेवला नव्हता. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ साली आले. त्याने मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकघराची नोंद केली, आणि मराठी खाद्यसंस्कृतीच्या पुस्तकांत आजवर कोणती चूल गाळली जात होती हेही दाखवून दिले.

पोषणाच्या प्रश्नाकडे वळू. या बाबतीत मुंबई-पुण्याचा इतिहास जगाच्या इतिहासाला जोडलेला आहे. १९२८ साली ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गरीब गरोदर स्त्रियांत, विशेषतः गिरण्यांत राबणाऱ्या बायकांत, एक घातक प्रकारचा रक्तक्षय आढळत होता. त्याचा संबंध निकृष्ट आहाराशी आहे असे त्यांना दिसले, आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फोलेट. ते हिरव्या भाजीत आणि डाळीत असते. म्हणजे हा रोग मांसाअभावी होणारा नव्हता. तो एकूणच दरिद्री ताटाचा रोग होता.

पण त्याच्याशी मिळताजुळता दुसरा रक्तक्षय वेगळ्या कारणाने होतो. १९४८ साली वेगळे काढण्यात आलेले ब-१२ हे जीवनसत्त्व ना वनस्पती तयार करतात, ना प्राणी. ते फक्त जीवाणू तयार करतात. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात हे जीवाणू असतात, म्हणून ते मांसात आणि दुधात उतरते. प्रौढ माणसाला दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम लागते. एका मोठ्या पेल्याएवढ्या दुधातून सुमारे एक मायक्रोग्रॅम मिळते, एका अंड्यातून त्याच्या निम्मे. भाकरी-पिठल्यातून जवळजवळ काहीच नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा दीर्घ अभ्यास केला. त्यात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात ब-१२ कमी आढळले. फोलेटची कमतरता मात्र क्वचितच. ज्या मातांच्या रक्तात फोलेट जास्त व ब-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली, असा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. ही मधुमेहाच्या दिशेने जाणारी वाट आहे.

गांधीजींचा अनुभव इथे आठवतो. १९१२च्या सुमारास त्यांनी दूध सोडले होते. पुढे १९१८-१९च्या गंभीर आजारपणात त्यांना शेळीचे दूध घ्यावे लागले, आणि ही तडजोड त्यांना आयुष्यभर बोचत राहिली. ‘व्हीगन’ हा शब्द जन्मला तो १९४४ साली, इंग्लंडमध्ये. त्याच्या तीस वर्षे आधी गांधीजींनी तो प्रयोग करून पाहिला होता, तोही ब-१२चा शोध लागण्यापूर्वी. आज जीवाणूंपासून बनवलेली ब-१२ची गोळी स्वस्तात मिळते. त्यामुळे डाळी, शेंगदाणे, तीळ, भाज्या आणि ही गोळी यांच्या आधाराने दुधाशिवाय निरोगी राहणे जाणत्या व खर्च करू शकणाऱ्या प्रौढ माणसाला शक्य आहे. हे व्हीगन पक्षाचे म्हणणे खरेच आहे. फक्त ते कोणाला शक्य आहे, हा शब्द वाक्यातून गाळता कामा नये. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत आणि पाच वर्षांखालच्या ६७ टक्के बालकांत रक्तक्षय आहे. ज्वारी-बाजरीत लोह असते. पण त्यांतल्या फायटेटमुळे ते अंगी कमी लागते. मांसातले लोह सहज लागते. सणापुरते मटण खाणारा माणूस पाहणीत ‘मांसाहारी’ गणला जातो. त्याचे शरीर मात्र जवळपास शाकाहाऱ्याचेच असते, आणि त्याच्या वाट्याला म्हशीचे दूधही नसते.

आता हवामानाचा हिशेब मांडू. पूअर आणि नेमेचेक या संशोधकांनी २०१८ साली ११९ देशांतल्या सुमारे ३८ हजार शेतांच्या माहितीवरून जागतिक सरासरी काढल्या. मांसासाठीच पाळलेल्या गोवंशाच्या एक किलो मांसामागे सुमारे १०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका वायू हवेत जातो. शेळी-मेंढीच्या मटणामागे ४० किलो, कोंबडीमागे १०, अंड्यांमागे ५ किलोच्या आसपास. तांदळामागे चार-साडेचार, डाळींमागे एक-दोन. एक लिटर दुधामागे सुमारे तीन किलो. वरवर पाहता दूध सोज्वळ दिसते. पण एक किलो पनीरला म्हशीचे निदान पाच लिटर दूध लागते. ढोबळ हिशेबाने हे पंधरा किलो झाले, म्हणजे कोंबडीच्या दीडपट. हवेच्या दृष्टीने पनीरची भाजी चिकनच्या रश्श्याहून निर्दोष नाही.

शिवाय प्रश्न केवळ दराचा नाही, एकूण मापाचा आहे. अमेरिकेत माणशी वर्षाला शंभर किलोच्या वर मांस लागते. भारतात दहा किलोंच्याही आत. दूध मात्र आपल्याकडे माणशी दिवसाला साडेचारशे ग्रॅमहून अधिक उपलब्ध होते. २०१९च्या पशुगणनेत देशात १९.२५ कोटी गोवंश आणि १०.९८ कोटी म्हशी मोजल्या गेल्या. त्यांच्या रवंथातून निघणारा मिथेन हवेत दहा-बारा वर्षेच टिकतो. पण शंभर वर्षांच्या मापाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट तापदायक आहे. आपले जनावर कमी दूध देते, त्यामुळे आपल्याकडे लिटरमागे मिथेनचा वाटा जागतिक सरासरीहून अधिकच पडतो. भारतात ताटाचा हवामानावरचा भार मटणाच्या दुकानात शोधण्याऐवजी दूध संकलन केंद्रात शोधावा लागेल, तो यामुळे.

हे कसे घडले, हेही कृष्णाकाठी पाहता येते. १९३९ साली भिलवडीला चितळ्यांची डेअरी सुरू झाली. पन्नाशीच्या दशकापासून सहकारी साखर कारखाने उभे राहिले, उसाबरोबर उसाचे वाडे आले, वाड्यावर दुभते जनावर आले. १९७० पासून दुधाचा महापूर योजना आली आणि गावोगाव दूध संस्था निघाल्या. जिरायती कडब्याची जागा पाटाच्या पाण्यावरच्या हिरव्या वैरणीने घेतली. पुढे म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी पूर्वेच्या माळावरही चढवले. द्राक्षे, डाळिंबे आणि पाठोपाठ ऊस तिथे पोचला, आणि मेंढरांचे रान आकसत गेले. या बदलाने दुष्काळी घरांत दर दहा दिवसांनी पैसा आणला, बायकांच्या हाती काही रक्कम पडू लागली, हे विसरून चालणार नाही. पण दुधाचे गणित आता पावसाचे न राहता धरणाचे झाले. २०१६च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले, आणि २०१९च्या ऑगस्टात हीच कृष्णा सांगलीच्या घरांत शिरली. तीन वर्षांच्या अंतराने आलेल्या या दोन गोष्टी पाहिलेल्या माणसाला हवामानाचा प्रश्न परदेशी वाटण्याचे कारण नाही.

दुधाच्या हिशेबातली एक नोंद तर आपण मोठ्याने वाचतच नाही. गाय व्याल्याशिवाय दूध देत नाही, आणि व्यालेल्या वासरांपैकी निम्मे नर असतात. पूर्वी ते बैल होत. ट्रॅक्टर आला आणि त्यांचे काम गेले. २०१९च्या गणनेत गोवंशाच्या माद्या १४.५१ कोटी होत्या, नर फक्त ४.७४ कोटी, आणि नरांची संख्या सात वर्षांत जवळजवळ ३० टक्क्यांनी घटली होती. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर १९७६च्या कायद्याने बंदी होती. २०१५च्या दुरुस्तीने ती बैल-वळूंनाही लागू झाली. कायद्याने कत्तल थांबवली, नरांचा खर्च मात्र कोणी उचलला नाही. गाय सोडून म्हैस पाळणे किंवा खोंड मोकळे सोडणे हे शेतकऱ्याचे उत्तर झाले. मांसाला नाही म्हणणारे आणि दुधाला हो म्हणणारे आपले ताट या न दिसणाऱ्या नरांवर उभे आहे. व्हीगन मंडळींनी हा प्रश्न विचारला, याबद्दल त्यांचे ऋण मानायला हवे, त्यांचे उत्तर पटो वा न पटो.

मेंढीच्या बाजूनेही प्रामाणिक राहायला हवे. मेंढी माणसाच्या तोंडचा घास घेत नाही. जिथे नांगर चालत नाही तिथले गवत ती खाते. पण म्हणून तिचा मिथेन कमी होत नाही. उलट, ब्रॉयलर कोंबडी हवेच्या हिशेबात स्वस्त पडते. पण ती मका आणि सोयाबीन, म्हणजे माणसाला खाता येईल असे धान्य, खाते. कोणतेही एक माप घेतले की दुसरे बिघडते. ताटाचा न्याय एकाच तराजूत होत नाही, हे या मुलखाचा इतिहास सांगतो.

तरीही काही गोष्टी निश्चित सांगता येतात. २०२३च्या नोव्हेंबरात राज्य सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे, आणि न खाणाऱ्या मुलांना केळे, देण्याचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी थांबवला गेला. ज्या शाळेला हवे तिने लोकवर्गणीतून करावे असे ठरले. अंड्यामागे हवेत जाणारा वायू हा एकूण हिशेबात नगण्य आहे, आणि जतच्या माळावरच्या मुलीला त्या अंड्यातून मिळणारे प्रथिन आणि ब-१२ तिच्या घरच्या भाकरी-चटणीत नाही. हवामानाचे कारण पुढे करून हे अंडे काढता येणार नाही. काढायचेच असेल तर निदान खरे कारण सांगावे. उलट, शहरातल्या भरल्या घरातले रोजचे पनीर, चीज, तुपाची मिठाई यांवर आवर घातला तर हवेचाही भार हलका होईल आणि खाणाऱ्याचाही. तिथे डाळ, उसळ आणि गोळी यांचा मार्ग खुला आहे, आणि तो पत्करणाऱ्याला कोणी हसू नये.

जुन्या ताटात परत जाता येणार नाही, आणि जावेही असे नाही. ते ताट उपासमारीचे होते, त्यात कोणाच्या वाट्याला तूप होते आणि कोणाच्या वाट्याला मेलेले ढोर. पण त्या ताटाला एक गोष्ट ठाऊक होती : कणीस कोणाचे आणि कडबा कोणाचा. कोणी काय सोडावे हे ठरवण्यापूर्वी कोणाच्या पानात काय पडते आहे हे पाहावे लागते. तेवढे पाहिले, तर शाकाहार की मांसाहार या वादातला पुष्कळसा आवेश आपोआप ओसरेल असे वाटते.